कपाटातलं पूर्तीपत्र

समारंभांना जायचं नाही, हे माझं जुनं धोरण आहे. धोरण म्हटलं की लोक पुढे काही विचारत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. नुसतं 'मला कंटाळा येतो' म्हणत राहिलो असतो, तर बायकोने मला हाताला धरून कुठे कुठे नेलं असतं, कोण जाणे.

त्यामुळे लेकीच्या शाळेतून शाळापूर्ती समारंभाचं पत्रक आलं आणि त्यात 'प्रत्येक विद्यार्थ्यामागे फक्त दोन प्रवेशिका' असं ठळक छापलेलं दिसलं, तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. घरात आम्ही चौघं. लेक व्यासपीठावर जाणार. उरलो बायको, मी आणि माझे वडील, म्हणजे अण्णा. तीन माणसं, दोन प्रवेशिका. त्याग करायला इतकी सोयीची संधी रोज मिळत नाही.

रात्री जेवताना मी घसा साफ केला आणि म्हणालो, "अण्णांना घेऊन जा. मी नाही आलो तरी चालेल."

आता अशा वाक्यानंतर काय व्हायचं असतं, हे ठरलेलं आहे. बायकोने 'असं कसं' म्हणायचं, अण्णांनी 'मला म्हाताऱ्याला काय करायचंय' म्हणायचं, लेकीने ताटावरून मान वर करून डोळे मोठे करायचे, मी बराच वेळ नको नको म्हणायचं आणि शेवटी सगळ्यांच्या आग्रहाखातर कपाळाला आठ्या घालून तयार व्हायचं.

"बरं," बायको म्हणाली.

"बरं," अण्णा म्हणाले.

"बाबा, मीठ दे," लेक म्हणाली.

मी मीठ दिलं. तेवढ्यात बायकोला आणखी एक सुचलं. "तुम्ही घरी असालच, तर बेसिनचा पाइप बदलायला प्लंबरला त्याच दिवशी बोलावते. एरवी त्याच्यासाठी थांबायला कुणी नसतं."

म्हणजे माझी एकुलती एक मुलगी शाळेचा निरोप घेत असताना मी बेसिनखाली बॅटरी धरून बसणार होतो. धोरण धोरणाच्या जागी, पण माणसाचा काही मान असतो की नाही?

पुढचे तीन दिवस घरात समारंभाशिवाय दुसरा विषय नव्हता. अण्णांनी आयुष्यभर शहराच्या बसगाड्या चालवल्या, निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी अजून घराबाहेर पडताना ते वेळापत्रक आखतात. त्यांनी लगेच केस कापून घेतले, बुटांना पॉलिश केलं आणि शाळेपर्यंत पोचायला किती मिनिटं लागतात हे बघण्यासाठी एकदा जाऊन आले. बायकोचे रोज फोन चालायचे. मी खोलीत शिरलो की आवाज खाली यायचा, जणू मी परगावचा पाहुणा. चौथ्या दिवशी ऑफिसात एका गृहस्थांची गढूळ पाण्याची तक्रार लिहून घेताना 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात मी 'शाळापूर्ती' असं लिहिलं. ते गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, "साहेब, आमच्याकडे अजून तितकं गढूळ नाही."

तेव्हा मला कळलं की मला जायचं आहे. पण हे घरात सांगायचं कुठल्या तोंडाने? एकदा त्याग केला की परत मागता येत नाही. म्हणून मी गुपचूप वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे गेलो. हे वकील नाहीत. कोर्टात चाळीस वर्षं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फायली नेत होते. पण त्या फायली त्यांनी वाटेत वाचल्या असाव्यात, असा साऱ्या इमारतीचा समज आहे.

त्यांनी पत्रक भिंगाखाली धरलं, वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूही वाचली. मग बोट ठेवून म्हणाले, "नियम सात. माजी विद्यार्थ्यांस पुराव्यानिशी स्वतंत्र प्रवेशिका. तुम्ही याच शाळेचे ना?"

"हो, पण एकतीस वर्षं झाली."

"नियमात मुदत लिहिलेली नाही. लिहिली नाही म्हणजे नाही. अर्ज करा. दोन प्रती करा. पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून प्रवेशिकेचा अर्ज घेऊन शाळेत गेलो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी स्वतः पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागाच्या तिसऱ्या खिडकीवर बसतो. माणसाला न दुखवता परत कसं पाठवावं, यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. त्यामुळे कुठल्याही ऑफिसात मी गिऱ्हाईक म्हणून नाही, जाणकार म्हणून शिरतो. पण शाळेच्या लिपिकबाई या बाबतीत माझ्यापेक्षा फार वरच्या आहेत, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. पहिली पाच मिनिटं त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. न पाहता पाच मिनिटं काढणं सोपं नसतं. मला दीड मिनिटाच्या वर जमत नाही.

"पुरावा म्हणजे पूर्तीपत्राचा क्रमांक," त्या म्हणाल्या.

"ते घरात कुठेतरी असेल."

"वर्ष सांगा." त्यांनी मागच्या फळीवरून एक जाड वही काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर थांबल्या. ओळीपुढे लाल शाईत काहीतरी लिहिलं होतं. "घरात नाही. आमच्याकडे आहे. 'अनुपस्थित. पत्र कपाटात.'"

आणि खरोखर कपाटात होतं. त्यांनी उठून, किल्ल्यांचा जुडगा वाजवत, एका लोखंडी कपाटाच्या तळातून पुठ्ठ्याची एक नळी काढली. आत पिवळा पडलेला कागद, त्यावर माझं नाव, सोनेरी बॉर्डर. शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका मी त्या वर्षी खिडकीतून घेतली होती. हा सोनेरी कागद मात्र समारंभातच देत, आणि मी समारंभाला गेलो नव्हतो. मी हात पुढे केला. बाईंनी नळी मागे घेतली.

"हे असं देता येत नाही. पूर्तीपत्र व्यासपीठावरून, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. दिल्याशिवाय त्यावर क्रमांक पडत नाही."

"तो समारंभ एकतीस वर्षांपूर्वी झाला."

"मग अनुपस्थितीच्या कारणाचा अर्ज द्या. कारण काय होतं?"

मी जरा ताठ बसलो. "धोरण."

"धोरणाला रकाना नाही. आजार, स्थलांतर आणि मृत्यू, एवढेच आहेत. मृत्यूचा दाखला आणलात तर त्याच दिवशी होतं."

त्या हे हसून म्हणाल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो खरंच सगळ्यात सोपा मार्ग होता.

उरला आजार. आमच्या समोरच्या दारात दातांच्या डॉक्टरबाई राहतात. बाईंचा स्वभाव मदतीचा, पण हात शिस्तीचा. मी त्यांना एकतीस वर्षांपूर्वीचा एखादा ताप लिहून द्यायला सुचवलं.

"ताप माझ्या हद्दीत येत नाही," त्या म्हणाल्या. "फार तर त्या दिवशी अक्कलदाढ दुखत होती असं लिहिता येईल. पण तपासल्याशिवाय मी काही लिहीत नाही. आ करा."

मी आ केला. त्यांनी बराच वेळ आत टॉर्च फिरवला.

"नाही लिहिता येणार," शेवटी त्या म्हणाल्या. "तुम्हाला अक्कलदाढ अजून आलेलीच नाही."

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, असं त्या म्हणतात. पण दुसऱ्या दिवशी जिन्यात वकीलसाहेबांनी माझ्या जबड्याकडे पाहून फार सहानुभूतीने मान हलवली.

मी पुन्हा शाळेत गेलो, ते अर्ज मागे घ्यायला. पण तोवर तो माझ्या हाताबाहेर गेला होता. लिपिकबाईंनी त्यावर 'पूर्तीपत्र कपाटात' असा शेरा मारून पोच दिली होती, आणि पोच दिलेला अर्ज वर जातोच. तो मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर पोचला होता, आणि त्यांना तो वाचून भरून आलं होतं.

"किती सुंदर," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांनी माणूस आपलं पूर्तीपत्र घ्यायला येतो. मुलांपुढे याहून मोठं उदाहरण कुठलं? तुम्ही यंदाच्या वर्गाबरोबर व्यासपीठावर या. बाकीचं माझ्यावर सोपवा."

"बाई, मला फक्त मागे एक खुर्ची हवी होती."

"मागे कशाला? पुढे या," त्या म्हणाल्या आणि तिथल्या तिथे कुणाला तरी माझ्या मापाचा गाऊन शोधायला सांगितलं.

घरी सांगायला योग्य वेळ शोधावी, असं मी वाटेत ठरवत होतो. पण माझ्याआधी शाळेचा फोन पोचला होता. दार उघडताच बायको म्हणाली, "तुमच्या छातीचं माप विचारत होते. काय भानगड आहे?"

मी सगळं सांगितलं, अक्कलदाढ वगळून. ती तिला आधीच कळली होती.

"पण तुम्ही येणार नव्हतात ना?"

"मी येत नाहीच आहे. मला बोलावलंय."

तिने कपाळाला हात लावला आणि प्लंबरला फोन करायला गेली. अण्णा खुर्चीत बसून होते. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे तुझं नाव पुकारणार?" मी हो म्हणालो. ते पुन्हा पेपर वाचू लागले, पण पान उलटलं नाही.

लेकीची प्रतिक्रिया मी इथे शब्दशः देऊ शकत नाही, कारण तिने शब्द वापरलेच नाहीत. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दाराआडून फक्त एक वाक्य आलं, "मग मी जाणार नाही."

समारंभाआधी दोन दिवस सकाळी तालीम होती, सक्तीची. खेळाचे सर शिट्टी घेऊन उभे होते. त्यांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे लावलं. मला वाटलं होतं मी शेवटी जाईन. पण हल्लीची मुलं काय खातात देव जाणे, मी बरोबर मधोमध आलो. माझ्या पुढच्या मुलाने वळून पाहिलं आणि आदराने विचारलं, "काका, तुम्ही किती वेळा नापास झालात?" मी म्हटलं, एकदाही नाही. त्याचा माझ्याबद्दलचा आदर तिथेच संपला.

लेक तालमीला आली होती, पण मैदानाच्या कडेच्या बाकावर एकटी बसली होती. सरांनी पाणी प्यायला सोडलं तेव्हा मी जाऊन शेजारी बसलो. मध्ये एका माणसाचं अंतर ठेवलं.

"मी मुख्याध्यापिकाबाईंना नाही म्हणून सांगतो," मी म्हणालो. "माझं काय, कागद कपाटात राहील. आतापर्यंत राहिलाच."

ती चपलेने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "नुसतं तुझ्यामुळे नाही रे. मला तसंही कळत नाहीये. आमच्या सगळ्या मुलींनी त्या दिवशी रडायचं ठरवलंय. मला शाळा सुटल्याचा आनंद होतोय. आणि काल लॅबमधून येताना एकदम पोटात काहीतरी झालं. मग मी रडू की नको?"

"मला नको विचारूस. मी गेलोच नव्हतो."

"का पण? आणि धोरण म्हणू नकोस."

समोर पोरं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती. धोरण हा शब्द काढून घेतला, तर माझ्याजवळ फारसं काही उरत नव्हतं.

"लाज वाटली," मी म्हणालो. "वर्गात सगळ्यांचे वडील कोट घालून येणार होते. अण्णांना रजा मिळायची नाही. ते बसच्या खाकी गणवेशात आले असते, खिशावर बिल्ला लावून. म्हणून मी घरी सांगितलं, पालकांना बोलावलेलं नाही. आणि मग त्या दिवशी सकाळी मला माझीच इतकी लाज वाटली, की माझेही पाय तिकडे वळेनात."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "अण्णांना माहितेय?"

"नाही. समारंभ छान झाला म्हणून सांगितलं होतं मी त्यांना."

सरांची शिट्टी झाली. ती उठली, माती झटकली आणि म्हणाली, "गाऊन घाल तू. पण व्यासपीठावर मला हाक मारायची नाही. हात हलवायचा नाही. आणि चष्मा डोक्यावर चढवायचा नाही, तू तसा फार विचित्र दिसतोस."

मी तिन्ही अटी मान्य केल्या.

समारंभाच्या दिवशी विद्यार्थ्यांच्या दारावर जो पहारेकरी होता, त्याने मला बाजूला घेतलं. "पालक त्या बाजूच्या दाराने." मी त्या बाजूला गेलो. तिथे प्रवेशिका मागितली. माझ्याकडे नव्हती. "गाऊन घातलेले विद्यार्थी त्या बाजूने," तिथला म्हणाला. मी परत आलो. पहिला म्हणाला, "मगाशीच सांगितलं ना?" माझा गाऊन गुडघ्यापर्यंतच पोचत होता आणि त्याचे हूक पाठीमागे होते. अशा पोशाखात माणसाला फार वाद घालता येत नाही. असा मी चार वेळा फेऱ्या घातल्यावर लिपिकबाई बाहेर आल्या. पहारेकऱ्याला म्हणाल्या, "सोडा त्यांना. त्यांचं पत्र आमच्या कपाटात आहे." त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने सोडलं.

आत गेलो आणि व्यासपीठावर नजर टाकली, तर मधल्या खुर्चीत प्रमुख पाहुणे म्हणून आमच्या पाणीपुरवठा खात्याचे मोठे साहेब बसलेले. आमच्या साहेबांचे साहेब. बावीस वर्षांत मी त्यांना दोनदा पाहिलं होतं, तेही लिफ्टचं दार बंद होताना.

नावं पुकारली जाऊ लागली. साहेब प्रत्येकाच्या हातात नळी देत होते, खाली ठेवलेल्या यादीकडे बघत होते आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होते, "छान, पुढे काय करणार?" कुणी इंजिनीअर म्हणालं, कुणी नर्स, कुणी अजून ठरलं नाही. लेकीचं नाव आलं. ती वर गेली, नळी घेतली, काहीतरी उत्तर दिलं आणि उतरताना, सगळ्या मुली रडत असताना, दात दाखवून हसली. मी हात हलवला नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

माझं नाव मुख्याध्यापिकाबाईंनी छोटं भाषण करून पुकारलं. मी पायऱ्या चढलो. साहेबांनी यादीवरून नजर न उचलता नळी पुढे केली. "छान, बाळ. पुढे काय करणार?"

खोटं बोलायला काही सुचेना. "सोमवारी ऑफिसला येणार, साहेब," मी म्हणालो. "आपल्याच. तक्रार विभाग, तिसरी खिडकी."

साहेबांनी मान वर केली. माझा चेहरा पाहिला, गाऊन पाहिला, गाऊनखालची पँट पाहिली. माइक चालू होता. सगळं सभागृह हसलं. साहेब माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मग वेळेवर या." पुन्हा हशा झाला. मागच्या रांगेतून कुणीतरी एकटं, हशा थांबल्यावरही, टाळ्या वाजवत राहिलं होतं.

नंतर शाळेच्या मैदानात चहा होता. लेक मैत्रिणींच्या घोळक्यात गेली होती, बायको तिचे फोटो काढायला. अण्णा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्या हातातली नळी घेतली, कागद काढला, हात लांब करून वाचला आणि परत गुंडाळून आत घातला.

"तेव्हा दोनदा पुकारलं होतं तुझं नाव," ते म्हणाले. "मग पुढचं घेतलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कपातला चहा गाऊनवर सांडला.

"तुम्ही आला होतात?"

"गाडीत एक बाई चढल्या होत्या आदल्या दिवशी. तुझ्या वर्गातल्या कुणाच्या तरी आई. म्हणाल्या, उद्या भेटूच शाळेत. मग मी अर्धी ड्यूटी बदलून घेतली." त्यांनी नळी काखेत धरली. "डेपोतल्या हिशेबनिसाचा कोट मागून आणला होता. खाकी तुला आवडत नसे, ते मला ठाऊक होतं. बाह्या जरा आखूड होत्या."

मी म्हणालो, "संध्याकाळी तुम्ही तर म्हणालात, आज गाडीला फार गर्दी होती."

"तू म्हणालास, समारंभ छान झाला. मग मी काय म्हणणार?" अण्णांनी चहाचा घोट घेतला. "पण गेला कुठे होतास?"

एकतीस वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं.

"डेपोवर," मी म्हणालो. "तुमच्या गाडीत बसलो होतो, मागच्या सीटवर. म्हटलं, शेवटच्या स्टॉपला तुम्हाला सगळं सांगून टाकावं. पण गाडी दुसराच कुणी चालवत होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, तुझे वडील कुठेतरी महत्त्वाच्या कामाला गेलेत, घरी बोलू नकोस. मी तीन फेऱ्या केल्या. तुम्ही आलाच नाहीत."

"मिशीवाला होता?"

"हो."

"त्याला मीच सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस म्हणून."

"मला वेगळंच वाटलं होतं, अण्णा. संध्याकाळी तुम्ही खोटं बोलताय हे कळलं, तेव्हा तर खात्रीच झाली. आईला सांगावं की नाही, याचा मी पुढे दोन वर्षं विचार करत होतो."

अण्णांनी कप भिंतीवर ठेवला. त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते की काय ते मला आधी कळेना, कारण त्यांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला होता. मग मलाही तेच झालं. दोन प्रौढ पुरुष, त्यांतला एक गाऊनमध्ये, भिंतीला टेकून असे उभे असलेले पाहून बायको लगबगीने आली.

"काय झालं? काय बोलत होतात?"

"काही नाही," अण्णा म्हणाले.

"काही नाही," मी म्हणालो.

तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिचा विश्वास बसला नाही, पण तिच्याकडे वेळ नव्हता. "ते गाऊन परत मागतायत. तुमचा तेवढा राहिलाय. खेळाचे सर तिकडे मोजतायत."

मी पाठीमागे हात नेला. वरचा हूक निघाला, मधला कापडात अडकला. ओढला तर आणखी घट्ट झाला. मी तसाच गोल फिरत होतो, तोवर अण्णा मागे येऊन उभे राहिले. त्यांची बोटं आता थरथरतात, त्यामुळे वेळ लागला. पण त्यांनी मला हात लावू दिला नाही. हूक सुटला. त्यांनी गाऊन दोन्ही बाजूंनी धरला.

"हात वर कर," ते म्हणाले.

मी केले.